टी-शर्टवरचा तारा : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की या वेळी अभ्यासक्रमातले प्रश्न नकोत. सिनेमा बघताना, गाणं ऐकताना, चित्रापुढे उभं राहिल्यावर जे मनात आलं ते विचारा. पत्रांचा गठ्ठा बघून मला माझा वर्ग आठवला. ३१ वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात खडूने आखलेला एक चौकोन असायचा आणि तो पुसायला कुणालाच परवानगी नव्हती. आठवडाभरात कुठेही अवचित विज्ञान भेटलं की मुलांनी तिथे एका ओळीत लिहायचं. शुक्रवारच्या तासाची शेवटची दहा मिनिटं त्या चौकोनाची. तुमची पत्रं मी त्या चौकोनातलीच धरली आहेत. सगळी मावली नाहीत, सहा घेतली.

बाई, अवकाशातल्या लढाईत स्फोटाचा धडाम आवाज आला की माझ्या तोंडून निघून जातं, ‘निर्वातात आवाज नसतो!’ घरचे वैतागतात. माझं काय चुकतं? (एक अभियंता)

तुमचं भौतिकशास्त्र बरोबर आहे. आवाज म्हणजे कणांनी शेजारच्या कणांना दिलेला धक्का. कणच नसतील तर धक्का पोचवणार कोण? पण त्याच प्रसंगात मागे व्हायोलिनं वाजत असतात आणि अवकाशात वाद्यवृंद कुठून आला, असं आपण विचारत नाही. पार्श्वसंगीत प्रेक्षकासाठी असतं, यानातल्या माणसासाठी नाही. स्फोटाचा आवाजही मी त्याच खात्यात टाकते.

मात्र ज्या दिग्दर्शकाने शांततेचाच उपयोग करून घेतला, त्याला माझे जास्त गुण. १९६८ च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मध्ये यानाबाहेर गेलेल्या माणसाचा फक्त श्वास ऐकू येत राहतो आणि आपलाही श्वास अडकतो. २०१३ च्या ‘ग्रॅव्हिटी’त अंतराळवीराचा हात ज्याला लागतो, त्याचीच थरथर आपल्याला ऐकू येते, कारण कंपनं पोशाखातून अंगापर्यंत पोचतात. नियम पाळूनही भीती वाटवता येते, हे या दोघांनी दाखवलं.

घरच्यांना सांगायला एक गोष्ट देते. सिनेमा संपल्यावर सांगा. अवकाश सगळीकडे सारखं रिकामं नाही. ययाती तारकासमूहाच्या दिशेला, सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक मोठा समूह आहे आणि त्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत तापलेला वायू भरलेला आहे. समूहाच्या मध्यावरचं कृष्णविवर त्या वायूत लाटा उठवतं. २००३ मध्ये चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून या लाटांचा स्वर काढला गेला : पियानोच्या मधल्या ‘सी’पेक्षा ५७ सप्तकं खाली. एका आंदोलनाला सुमारे एक कोटी वर्षं लागतात. २०२२ मध्ये नासाने तो स्वर तितकीच सप्तकं वर चढवून लोकांना ऐकवला. मी तो रात्री कानाला हेडफोन लावून ऐकला, दिवा घालवून. अंगावर काटा आला.

मी अकरावीत आहे. ‘इंटरस्टेलर’मधलं कृष्णविवर खरंच तसं दिसतं का, की कॉम्प्युटरवर छान दिसेल असं बनवलंय? काळ्या गोळ्याच्या वरून आणि खालून प्रकाशाची कमान का जाते? (एक विद्यार्थिनी)

तुझ्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेते, कारण त्याचं उत्तर कळलं की पहिल्याचं अर्धं मिळतं.

कृष्णविवराभोवती तापलेल्या वायूची एक चपटी तबकडी फिरते, शनीच्या कड्यासारखी. आपण तिच्याकडे जवळजवळ कडेने बघतोय असं समज. शनीचं मागचं कडं शनीआड लपतं. इथे ते लपत नाही. तबकडीच्या मागच्या भागातून वर निघालेला प्रकाश कृष्णविवराच्या डोक्यावरून जाताना गुरुत्वाकर्षणाने आपल्याकडे वळतो. डोंगराआडचं गाव डोंगराच्या माथ्यावर उभं दिसावं, तसा मागचा भाग आपल्याला गोळ्याच्या वर कमानीसारखा दिसतो. तबकडीच्या खालच्या बाजूचा प्रकाश असाच खालून वळून येतो. म्हणजे ती कमान सजावट नव्हे. पाठीमागची बाजू समोर येऊन उभी राहिली आहे.

आता ही गोष्ट सिनेमाने पहिल्यांदा दाखवली का? नाही. १९७९ मध्ये ज्याँ-पिएर ल्युमिने या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने कृष्णविवराचं चित्र छापलं होतं आणि ते त्याने हाताने काढलं होतं. हा प्रसंग मला फार प्रिय आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्याच्याकडे आयबीएम ७०४० हा जुना संगणक होता. त्याला भोकं पाडलेली कार्डं भरवायची आणि त्यातून आकडे बाहेर यायचे. चित्र काढण्याची सोय नव्हती. प्रकाश कुठे किती असेल याचे आकडे हातात आल्यावर ल्युमिनेने कागद घेतला आणि शाईने एकेक ठिपका द्यायला सुरुवात केली. जिथे उजेड जास्त तिथे ठिपक्यांची दाटी, जिथे कमी तिथे विरळ. मग त्या कागदाची छायाचित्रात उलटापालट केली. काळं ते पांढरं झालं आणि त्या काळ्या ठिपक्यांचा प्रकाश झाला.

निवृत्तीच्या वर्षी मी हा उद्योग वर्गात करून पाहिला. ल्युमिनेच्या चित्राची पुसट रूपरेषा पांढऱ्या कागदावर काढून दिली आणि मुलांच्या हातात बारीक टोकाची काळी पेनं. अर्ध्या तासाने एकीचा अंगठा दुखायला लागला. कागदावर नुसती काजळी सांडल्यासारखी दिसत होती, डावीकडे गच्च, उजवीकडे पातळ. मग मोबाइलने फोटो काढून रंग उलटे केले. काजळीची ती गर्दी एकदम पेटली आणि मधोमध कुणीही न रंगवलेली काळी पोकळी उघडी पडली. जिचा अंगठा दुखत होता ती म्हणाली, “बाई, मधे मी काहीच केलं नाही.” मधे कुणीच काही करायचं नव्हतं!

डावीकडे गच्च आणि उजवीकडे पातळ का, हे तू विचारायलाच हवंस. तबकडीतला वायू प्रकाशाच्या वेगाशी तुलना व्हावी इतक्या वेगाने फिरतो. जी बाजू आपल्याकडे येते ती झगझगीत दिसते, जी दूर जाते ती मंदावते. ल्युमिनेच्या चित्रात हा फरक ठळक आहे. सिनेमात मात्र दोन्ही बाजू सारख्या उजळ आहेत.

सिनेमावाल्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. किप थॉर्न हे भौतिकशास्त्रज्ञ त्यांच्यासोबत होते. त्यांनी समीकरणं दिली, दृश्यं करणाऱ्या चमूने ती संगणकात घातली आणि काही चौकटी (फ्रेम) तयार व्हायला १०० तासांपर्यंत वेळ लागला. डावं-उजवं असमान असलेलं रूपही त्यांनी करून पाहिलं, पण ते बघून प्रेक्षक गोंधळेल, म्हणून तो परिणाम काढून टाकायचं ठरलं. पुढे २०१५ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात लेख लिहिला आणि काय ठेवलं, काय वगळलं ते सगळं मांडलं.

ही अशी सूट मला मान्य आहे. काय वगळतोय ते माहीत असताना घेतलेली सूट आणि माहीतच नसल्यामुळे झालेली चूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शुक्रवारच्या दहा मिनिटांत मी मुलांना हेच शोधायला लावायचे : यांनी काय पाहिलं आणि काय गाळलं?

१० एप्रिल २०१९ ला एम ८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराची पहिली प्रतिमा प्रसिद्ध झाली. साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर, ६५० कोटी सूर्यांइतकं वस्तुमान. ते धुरकट, नारिंगी कडं नीट बघ. खालची बाजू जास्त उजळ आहे. ल्युमिनेच्या कागदावरची दाटी ४० वर्षांनी आकाशात सापडली.

मुलाच्या काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेषांचे डोंगर आहेत. तो म्हणतो, ‘हे एका बँडचं चित्र आहे.’ त्याचा मित्र म्हणतो, ‘हा तारा आहे.’ खरं कोण बोलतंय? (एक आई)

दोघंही. आणि तुमच्या मुलाला मी एक आणखी रेकॉर्ड दाखवणार आहे.

गोष्ट १९६७ सालची. केंब्रिजमध्ये जोसलिन बेल नावाची संशोधक विद्यार्थिनी नव्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं तपासत होती. ती दुर्बीण उभारताना खांब ठोकण्यापासून तारा ओढण्यापर्यंत तिने स्वतः काम केलं होतं. यंत्रातून रोज सुमारे ३० मीटर कागद बाहेर पडायचा, त्यावर पेनने उमटलेली वेडीवाकडी रेघ. ती रेघ डोळ्यांनी वाचायची. त्यात एका ठिकाणी तिला जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरची खरखर दिसली. ती नेहमीच्या रेडिओ स्रोतांसारखी नव्हती, माणसांच्या यंत्रांमुळे येणाऱ्या गडबडीसारखीही नव्हती. दुसऱ्या कुणी ती सोडून दिली असती. बेलने सोडली नाही. नोव्हेंबरअखेर कागद वेगाने सरकवून नोंद घेतली, तेव्हा त्या खरखरीचे वेगवेगळे ठोके सुटे झाले. दर १.३३७ सेकंदाला एक, अगदी नियमित. इतकं नियमित काय असेल? गमतीने त्या चमूने त्याला ‘छोटी हिरवी माणसं’ असं नाव देऊन टाकलं. थोड्याच दिवसांत बेलला आकाशात दुसरीकडे असाच ठोका सापडला. हिरवी माणसं दोन ठिकाणांहून एकाच पद्धतीने बोलणार नाहीत. तो निसर्गच होता : स्वतःभोवती गरगरणारा, जेमतेम एखाद्या शहराएवढा पण सूर्यापेक्षा जड असा न्यूट्रॉन तारा. त्याच्या रेडिओ लहरींचा झोत दीपगृहासारखा फिरतो आणि दर फेरीला आपल्यावरून जातो. आपण त्याला स्पंदक म्हणतो. १९७४ चं नोबेल या शोधासाठी तिच्या मार्गदर्शकांना मिळालं, तिचं नाव त्यात नव्हतं. ते मला आजही सलतं आणि वर्गात मी ते दर वर्षी सांगत आले.

आता टी-शर्ट. हॅरल्ड क्राफ्ट नावाच्या विद्यार्थ्याने पोर्टो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीवर याच पहिल्या स्पंदकाचे ठोके नोंदवले आणि १९७० च्या आपल्या प्रबंधात संगणकाकडून त्यांचं चित्र काढून घेतलं. त्याला बघायचं होतं की प्रत्येक ठोक्याच्या आतले छोटे चढउतार पुढच्या ठोक्यात सरकतात का. म्हणून त्याने एकाखाली एक रेषा रचल्या आणि पुढच्या रेषेचा डोंगर मागच्या रेषेला झाकेल अशी सोय केली. तुमच्या मुलाला रेषा मोजायला सांगा. मूळ चित्रात ८० आहेत. एक रेष म्हणजे ताऱ्याची एक फेरी. १.३३७ ला ८० ने गुणा : पावणेदोन मिनिटं. त्याच्या छातीवर एका ताऱ्याची पावणेदोन मिनिटं आहेत.

प्रबंधातलं हे चित्र पुढे १९७७ मध्ये खगोलशास्त्राच्या एका ज्ञानकोशात आलं. जॉय डिव्हिजन या बँडमधल्या एकाच्या नजरेला ते तिथे पडलं. मुखपृष्ठ करणाऱ्या पीटर सॅव्हिलने पांढऱ्यावरच्या काळ्या रेषा उलटवून काळ्यावर पांढऱ्या केल्या आणि १९७९ मध्ये ‘अननोन प्लेझर्स’ ही रेकॉर्ड आली. पुढच्या बाजूला बँडचं नावसुद्धा नाही, नुसता तारा. क्राफ्टला याचा पत्ताच नव्हता. कितीतरी नंतर कुणाकडून तरी कळलं, तेव्हा तो दुकानात गेला आणि ती रेकॉर्ड स्वतः विकत घेऊन आला.

आणि ही दुसरी रेकॉर्ड. त्याआधी दोनच वर्षं, १९७७ मध्ये, दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवून पाठवली. तिच्या आवरणावर डाव्या अंगाला एका बिंदूतून फुटलेल्या रेषा आहेत. तो नकाशा आहे. मधला बिंदू आपला सूर्य आणि रेषा १४ स्पंदकांच्या दिशा. प्रत्येक रेषेवर त्या स्पंदकाचा ठोका द्विमान (फक्त दोन चिन्हांच्या) अंकपद्धतीत कोरलाय. स्पंदक हळूहळू मंदावतात, तेही ठरावीक गतीने. त्यामुळे ज्याला ही तबकडी सापडेल त्याला ती कुठून निघाली आणि केव्हा निघाली, दोन्ही काढता येईल. सेकंद हे आपलं माप परक्याला काय कळणार? म्हणून काळ मोजायला हायड्रोजनच्या अणूतल्या बदलाचं एकक घेतलंय. हायड्रोजन सगळीकडे सारखाच.

त्या तबकडीच्या आत बाख आहे, बीथोव्हन आहे आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. साडेतीन मिनिटं. दोन वर्षांच्या अंतराने निघालेल्या दोन रेकॉर्डी आणि दोन्हींच्या आवरणावर स्पंदक. एकमेकींशी त्यांचा काही संबंध नव्हता. एक टी-शर्टवर आली, दुसरी २०१२ मध्ये सौरवाऱ्याची हद्द ओलांडून गेली. मुलाला भैरवी ऐकवा, टी-शर्ट घालूनच ऐकू दे.

जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘सॉनिक हेजहॉग’ नावाचं जनुक वाचलं आणि मला वाटलं छपाईची चूक आहे. शास्त्रज्ञांना अशी गंमत करायची मुभा असते? (बी.एस्सी.चा विद्यार्थी)

असते, आणि ती ते मनसोक्त घेतात. फळमाशीच्या एका जनुकात बिघाड झाला की अळीच्या अंगभर काटेरी केस येतात, हेजहॉग या काटेरी प्राण्यासारखे. म्हणून १९८० च्या सुमारास त्याला ‘हेजहॉग’ म्हटलं गेलं. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये त्याची भावंडं सापडली तेव्हा १९९३ मध्ये एकाला व्हिडिओ गेममधल्या निळ्या पात्राचं नाव मिळालं. ज्या जनुकाच्या बिघाडाने माशीत हृदयच तयार होत नाही त्याचं नाव ‘टिनमॅन’, ‘विझर्ड ऑफ ऑझ’च्या गोष्टीतला हृदय नसलेला पत्र्याचा माणूस.

याहून मला मांजराची गोष्ट आवडते. १९७५ मध्ये जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने एकट्याने शोधनिबंध लिहिला, पण सगळीकडे ‘आम्ही’ असं लिहिलं. सहकाऱ्याने लक्षात आणून दिलं की एकच लेखक असेल तर ते नियतकालिक ‘आम्ही’ चालवून घेत नाही. तेव्हा टाइपरायटरचा जमाना, अख्खा निबंध पुन्हा टंकित करावा लागला असता. त्याने आपल्या चेस्टर नावाच्या मांजराला एफ. डी. सी. विलर्ड असं भारदस्त नाव देऊन सहलेखक केलं. निबंध छापून आला. काही प्रतींवर सही म्हणून पंजाचा ठसा आहे.

पण एक गोष्ट मनापासून सांगते. सॉनिक हेजहॉगचं जनुक माणसातही आहे. त्यात दोष असेल तर गर्भाच्या मेंदूचे पुढचे दोन भाग नीट वेगळे होत नाहीत. हे निदान एखाद्या आईबापांना सांगायची वेळ येते तेव्हा डॉक्टरांच्या तोंडी हे नाव यावं लागतं आणि ही अडचण डॉक्टरांनी बोलूनही दाखवली आहे. प्रयोगशाळेत नाव ठेवताना कुणाच्या डोळ्यांपुढे ती खोली नव्हती. तू पुढे कशाला नाव द्यायचा योग आला तर ते नाव एकदा मोठ्याने, कुणाच्या तरी उशाशी बसून उच्चारायचं आहे असं समजून म्हणून बघ.

चांगलं नाव कसं असावं याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ‘थॅगोमायझर’. १९८२ च्या एका व्यंगचित्रात आदिमानवांचा वर्ग भरलाय आणि शिक्षक स्टेगोसॉरस या डायनासोरच्या शेपटीवरचे काटे दाखवून सांगतोय की यांना दिवंगत थॅग सिमन्स यांचं नाव दिलंय. स्टेगोसॉरस आणि माणूस यांच्यात सुमारे १५ कोटी वर्षांचं अंतर आहे, ते जाणूनच हसायचं. पण त्या काट्यांना शास्त्रात खरोखरच नाव नव्हतं. १९९३ मध्ये एका जीवाश्मतज्ज्ञाने परिषदेत सांगाड्याचं वर्णन करताना हाच शब्द वापरला आणि तो रुळला.

मी चित्रकला शिकवून निवृत्त झालो. जपानी चित्रकार होकुसाईच्या प्रसिद्ध लाटेचा निळा रंग प्रयोगशाळेतला आहे, असं वाचलं. मग श्रेय चित्रकाराचं की रसायनशास्त्राचं? (एक शिक्षक)

सर, लाट होकुसाईची. निळा मात्र बर्लिनचा आणि तोही चुकून झालेला. १७०६ च्या आसपास डीसबाख नावाचा रंग बनवणारा लाल रंग करायला बसला होता. त्याने वापरलेल्या पोटॅशमध्ये प्राणिज पदार्थाची भेसळ होती. लाल उतरायच्या ऐवजी भांड्यात गडद निळा उतरला. याला प्रशियन ब्लू म्हणतात. त्यात लोह दोन रूपांत असतं, एकात इलेक्ट्रॉन एकाने कमी. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन एका लोहाकडून दुसऱ्याकडे उडी घेतो आणि त्यासाठी तांबडा-नारिंगी प्रकाश गिळतो. उरतो तो निळा. ‘सायनाइड’ हा शब्दसुद्धा याच निळ्याच्या घराण्यातला, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गडद निळा.

तो जपानमध्ये पोचला आणि परवडायला लागला, तेव्हा होकुसाईने सत्तरी गाठली होती. त्या वयात त्याने नवं द्रव्य हातात घेतलं आणि १८३१ च्या सुमारास ती लाट केली. तुम्ही श्रेयाचं विचारलंत, तर मी म्हणेन की बर्लिनमध्ये तो रंग सव्वाशे वर्षं होता, लाट उठली नव्हती.

हा निळा तुम्ही स्वतः जन्माला घालून बघावा अशी माझी विनंती आहे. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये कृती काढली. दुसऱ्याच वर्षी ॲना ॲटकिन्सने तीच वापरून समुद्रशैवालांचं पुस्तक काढायला घेतलं. छायाचित्रांनी सजलेलं ते पहिलं पुस्तक. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. मंद उजेडात दोन्ही समप्रमाणात मिसळून जाड कागदावर ब्रशने फिरवा आणि अंधारात वाळवा. हातमोजे घाला आणि आम्लाच्या जवळपास हे काही नेऊ नका. वाळलेला कागद पोपटी-पिवळा दिसतो. त्यावर एखादं नेचाचं पान ठेवा, वर काच दाबा, उन्हात धरा. पंधरा-वीस मिनिटांत उघडा भाग आधी हिरवा, मग राखाडी पडतो आणि बिघडलं असं वाटून माणूस तिथेच सोडून देतो. सोडू नका. कागद पाण्याखाली धरा. पिवळं पाणी वाहून जातं आणि राखाडीच्या पोटातून निळा वर येतो, पानाची शीरन् शीर पांढरी ठेवून. दुसऱ्या दिवशी तो आणखी गडद झालेला असतो. वास्तुरचनाकार ज्याला ब्लूप्रिंट म्हणायचे तो हाच निळा. थॅलियमची विषबाधा झालेल्या रुग्णाला पोटात देतात ते औषधही हेच.

असे अपघात संपलेले नाहीत. २००९ मध्ये अमेरिकेत मास सुब्रमण्यन यांच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्ससाठी नवा पदार्थ शोधताना भट्टीतून एक लखलखीत निळी पूड निघाली. यट्रियम, इंडियम आणि मँगनीज यांच्या संज्ञा जोडून तिचं नाव पडलं यिनमिन. ती चित्रकारांच्या हाती आलीसुद्धा आहे. सर, आता कुणी लाट काढायची?

चार वर्षं तबला शिकतोय. गुरुजी म्हणतात, शाई (मधला काळा गोल लेप) नसेल तर तबला बोलणार नाही. शाईने नेमकं काय होतं? (एक विद्यार्थी)

तुझे गुरुजी सांगतात तेच सी. व्ही. रामन यांनी मोजून दाखवलं.

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर उमटतात. १, २, ३, ४ असं सोपं नातं असतं, म्हणून कानाला एक स्वर लागतो. साध्या गोल चामड्याचं तसं नाही. त्याचे स्वर १, १.५९, २.१४, २.३० अशा पटींत येतात. एकाचं दुसऱ्याशी जमत नाही, म्हणून नुसता ठोका ऐकू येतो, सूर नाही. मधे शाईचं वजन चढवलं की ही सगळी नाती बदलतात. रामन यांनी १९२० मध्ये एका सहकाऱ्यासोबत ‘नेचर’मध्ये हे मांडलं आणि १९३४ मध्ये सविस्तर लिहिलं. पडद्याच्या पहिल्या नऊ तऱ्हांची कंपनं शाईमुळे अशी जुळतात की त्यातून पाचच स्वर निघतात आणि त्यांचं नातं १, २, ३, ४, ५ असं असतं. नऊ सुटी माणसं पाच रांगांत शहाण्यासारखी उभी राहावीत तसं.

हे गणित कुणी आधी मांडून शाई लावली नाही. शाई भरणारा थरावर थर देतो, प्रत्येक थर दगडाने घासतो, वाजवून ऐकतो, पुन्हा घासतो. त्याच्या कानाने जे गाठलं होतं ते रामन यांनी समीकरणाच्या भाषेत लिहिलं. माझ्या मते या लेखातली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच आहे, कृष्णविवराहूनही.

आता ‘ना’ वाजव आणि बोटांकडे बघ. तर्जनी किनारीवर पडते आणि अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकलेली असते. ती अनामिका उगाच नाही. ती जिथे टेकते तिथून पडद्यावर आडवी एक रेघ स्तब्ध राहते, दोन्ही बाजूंचे अर्धे भाग आळीपाळीने वरखाली होतात. अनामिका उचलून तोच ठोका मार, ‘ना’ लगेच विरून दुसरंच काही वाजेल.

रामन यांनी ही स्तब्ध रेघ डोळ्यांना दिसावी म्हणून पडद्यावर बारीक वाळू पसरली होती. तूही करू शकतोस, पण गुरुजींना विचारून आणि टाकून द्यायच्या जुन्या पुडीवरच. वाळू चाळून, उन्हात खडखडीत वाळवून घे; दमट असेल तर ती चामड्याला चिकटते आणि काहीच होत नाही. चिमटीने पातळ भुरभुर, नुसता पापुद्रा दिसेल इतकीच. अनामिका टेकव आणि किनारीवर एकच स्वच्छ ठोका मार. वाळू उडून जिथे पडदा हलत नाही तिथे गोळा होईल. पहिल्या दोन-चार ठोक्यांत नाही जमलं तर अनामिकेचा दाब कमी कर. रेघ दिसली की हात न हलवता कुणाला तरी वरून फोटो काढायला सांग आणि मला पाठव. पुढच्या अंकात छापू.